तिच्या नावाचे हजार डॉलर

८ फेब्रुवारी

प्रिय आर्डिथ,

आणि अर्थात नेल्विना, कारण हे वाचून दाखवणार आहेस तू. परवा फोनवर तूच म्हणालीस, "माझ्या बहिणीला तुझं अक्षरसुद्धा बघायचं नाही, वेंडेल. लिहायचं तर लिही. मी वाचीन, ती ऐकेल. पटत नसेल तर टपालाचे पैसे वाचव, ते तुला छान जमतं." तेव्हा मेव्हणीबाई, माझं म्हणणं आता तुमच्या तोंडून जाणार. बायकोशी बोलायला मला याहून कडक वकील मिळाला नसता.

इकडे आयोवात सगळं ठीक आहे. बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आलंय. नळ अजून गोठलेले नाहीत, तू सांगितलं होतंस तसं रात्री थेंब थेंब सोडून ठेवतो. जेवायला वाटाण्याचं सूप करतो, एकदा केलं की चार दिवस पुरतं. चर्चमध्ये तुझ्या जागी डीकमनांची सून ऑर्गन वाजवते. ती इतकी सावकाश वाजवते, की शेवटचं स्तोत्र संपेपर्यंत लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागतात. सगळे तुझी चौकशी करतात. मी सांगतो, बहिणीकडे मिशिगनला गेलीय, विश्रांतीला. ते मान हलवतात आणि बुटांकडे बघतात.

आता डोळ्याचं. नेल्विना, तुला आर्डिथनं सांगितलं असेलच, पण माझी बाजूही ऐक. आमचा विमा माझ्या नोकरीवरचा आहे. त्यात वर्षाचे पहिले सहा हजार आपल्या खिशातून जातात, मग कंपनी देते. त्या सहा हजारांसाठी आरोग्य बचत खातं असतं. त्यात टाकलेल्या पैशावर कर लागत नाही, औषधपाण्याला काढले तरी लागत नाही. नोव्हेंबरात उपचार सुरू केले असते तर त्या वर्षाचे पैसे भरायचे, आणि एक जानेवारीला पाटी कोरी, की पुन्हा पहिल्यापासून भरायचे. शहाणा माणूस असं काही वर्षाच्या शेवटी काढत नाही. आमच्या चर्चमधल्या कुणालाही विचार, हेच सांगतील. कारण त्यांना हे मीच शिकवलंय.

आणि त्या दिवशी ती गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून फोनवर बोलत होती तेव्हा इकडे मी नोकरी करतो त्या धान्याच्या कोठारावर मका वाळवायचं यंत्र सुरू होतं. त्या घरघरीत मला निम्मंअर्धं ऐकू आलं. डॉक्टर "आजच शहरात जा" म्हणाले, हे माझ्या कानावर आलंच नाही. आलं असतं तर मी गाडी काढून स्वतः नेलं असतं. एवढं तरी माझ्याबद्दल धरून चाला.

डावा डोळा गेला याचं मला वाईट वाटत नाही असं कुणी समजू नये. आता उजवा सांभाळायचा. शहरातले डॉक्टर काय म्हणाले लक्षात आहे ना? एका डोळ्याच्या पडद्याला चीर पडली की दुसऱ्यालाही पडू शकते. कडेला वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके तरंगताना दिसले, की थांबायचं नाही. मला लगेच फोन कर, मी बघतो काय करायचं ते.

तुझा,
वेंडेल


२७ फेब्रुवारी

प्रिय आर्डिथ,

नेल्विनानं परवा फोन केला. ती म्हणाली, "तुझं पत्र वाचलं. यंत्राच्या घरघरीपर्यंत आले आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. घासलेली भांडी काढून परत घासायला लागली. मी विचारलं, काय गं, काय झालं? म्हणाली, काही नाही. तो म्हणतो यंत्र सुरू होतं, तर असेल सुरू."

नंतर नेल्विना असंही म्हणाली, "तसाही मी तुला फार दोष देत नाही हो. तीच सांगते, की मीच टाळलं, मीच म्हटलं जानेवारीत बघू. लहानपणापासून असलीच आहे ती. दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की कोठीत लपून बसायची."

मी फोनवर "हो ना" म्हटलं. आर्डिथ, मी "हो ना" म्हटलं. फोन ठेवल्यावर सूप तसंच राहिलं आणि त्यावर साय धरली.

आज मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. बँकेतला तो दिवस. तू पंचावन्नची झालीस ते वर्ष. खात्यात किती टाकता येतं ते विचारायला आपण गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं नीट समजावून सांगितलं, की कुटुंबाची जी मर्यादा आहे ती दोघांत मिळून एकच, ती तुम्ही आपसात कशीही वाटून घ्या. पण पंचावन्ननंतर प्रत्येकाला वर्षाला एक हजार जास्त टाकता येतात, आणि ते हजार ज्याचे त्याच्याच खात्यात जायला हवेत. नवऱ्याच्या खात्यात बायकोचे हजार चालत नाहीत. बायकोला स्वतःच्या नावाचं खातं उघडावं लागतं.

तू म्हणालीस, "मग उघडू या की. पाच मिनिटांचं काम आहे."

मी काय म्हणालो ते तुला आठवतं. "तीस वर्षं एका पलंगावर झोपतो, आणि खातं वेगळं कशाला?" काउंटरवरची मुलगी हसली, मागे रांगेतला तो पशुवैद्य हसला. तूही हसलीस. तुझा चेहरा लाल झाला होता ते मी बघितलं, आणि मला वाटलं, लाजली.

त्या वर्षी तुझे हजार मी माझ्याच खात्यात टाकले. टॅक्सवाल्यानं ते परत काढायला लावले, नाहीतर राहतील तितकी वर्षं दरसाल सहा टक्के दंड बसला असता. त्यानंतर मी तुझे हजार टाकलेच नाहीत. ते वर्ष धरून सात वर्षं. नेल्विना, तू मला चर्चमध्ये पेपरमिंटच्या गोळीचे दोन तुकडे करणारा माणूस म्हणतेस. मी खरंच करतो. ब्रेडच्या पिशव्या धुऊन वाळत घालतो. पेट्रोल दोन पैशांनी स्वस्त म्हणून शेजारच्या गावी जातो. असल्या माणसानं सात वर्षं हजार डॉलरवरची करमाफी हातची सोडली. पाच मिनिटांचं काम होतं.

का सोडली, ते मला ठाऊक आहे. आज लिहिणं होत नाही.

वेंडेल


१९ मार्च

प्रिय आर्डिथ,

रविवारी उपासनेनंतर तळघरात कॉफीला थांबलो. नसतो थांबत हल्ली, पण एव्हर्ट डीकमननं बाही धरली. त्याची लोइस पुढच्या महिन्यात पंचावन्नची होते. तो स्वतः पासष्टला टेकलाय. कागदाच्या बशीत बदामाचा केक घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "वेंडेल, तुझ्याइतकं यातलं कुणाला कळत नाही. मेडिकेअर घेऊ की थांबू?"

मी नेहमीचं सांगितलं. जिभेवरच आहे ते माझ्या. पासष्ट झाल्यावरही नोकरी चालू असेल आणि विमा नोकरीचा असेल, तर मेडिकेअर, म्हणजे पासष्टनंतरचा सरकारी आरोग्य विमा, लांबवता येतं. पण एकदा मेडिकेअर लागलं की आपल्या खात्यात नवा पैसा टाकता येत नाही. आणि पासष्टनंतर अर्ज केला की ते मागच्या सहा महिन्यांपासून लागलं असं धरतात, म्हणून अर्ज करायच्या सहा महिने आधीच टाकणं बंद करायचं. सरकारी पेन्शनचा अर्ज केला तरी तेच, ते मेडिकेअर मागोमाग येतं. लोक फुकट मिळतंय म्हणून घेतात आणि फसतात. टेबलाभोवती पाच-सहा जण जमले होते. मला बरं वाटत होतं. तेवढा वेळ मी पूर्वीचा वेंडेल होतो.

मग लोइसनंच विचारलं, "आणि माझ्या हजाराचं काय? एव्हर्ट म्हणतो त्याच्याच खात्यात टाकू, भानगड नको."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रत्येकाला माहीत आहे तू कुठे आहेस, आणि बरंचसं माहीत आहे का गेलीस ते. मी लोइसला म्हणालो, "तुझ्या स्वतःच्या नावावर. खातं तुझं, कार्ड तुझं, आणि ते कार्ड तुझ्या पर्समध्ये. एव्हर्टच्या पाकिटात नाही."

एव्हर्ट म्हणाला, "अरे, पण आमचं काय वेगळं आहे का?"

मी म्हटलं, "मीही हेच म्हणायचो." आणि कोट घ्यायला उठलो. माझी कॉफी तशीच राहिली. लोइस डोळे पुसत होती. ती तुझ्यासाठी रडत होती, माझ्यासाठी नाही, एवढं मला समजतं.

आता नेल्विना, पुढचं सावकाश वाच आणि गाळू नकोस.

मका वाळवायचं यंत्र त्या दिवशी बंद होतं. आठवड्यापूर्वीच काम संपलं होतं. मी ऑफिसात दार लावून हॅमचा बन खात होतो आणि आर्डिथचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

ती म्हणाली, "पडद्याला चीर पडलीय म्हणतात. आजच शहरात जा म्हणतात, लेझरनं लगेच बंद करून टाकतात. लगेच केलं तर काही होत नाही."

मी म्हणालो, "किती?"

"काय किती?"

"पैसे किती म्हणतात?"

"शहरातल्या दवाखान्यात फोन लावला होता. आधी अठराशे भरा म्हणाले. तुझ्या कार्डाचा नंबर सांगतोस का?"

मी विचारलं, "दुखतंय का?"

ती म्हणाली, "नाही."

"मग जानेवारीत बघू. सगळं एकाच वर्षात बसेल."

"ते आज म्हणाले, वेंडेल."

"डॉक्टर लोकांचं सगळं आजच असतं."

ती "बरं" म्हणाली आणि गाडी चालवत घरी आली. तिच्या पर्समध्ये घरखर्चाचं कार्ड होतं. त्यावर दोनशेसुद्धा नव्हते, कारण त्यात किती ठेवायचे ते मी ठरवायचो. त्याच वेळी माझ्या पाकिटातल्या आरोग्य खात्याच्या कार्डामागे एकोणचाळीस हजार पडून होते, म्हातारपणासाठी.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तिच्या डाव्या हाताला ठेवलेली सॉसची वाटी तिला दिसली नाही. ती धक्का लागून सांडली, पांढऱ्या टेबलक्लॉथवर. माझा भाऊ आणि भावजय समोर बसलेले. मी म्हणालो, "बघून वाढ की." तिनं सगळं पुसलं. डोळ्यासमोर अर्धा काळा पडदा उतरलाय हे तिनं मला चार दिवसांनी सांगितलं. तोवर लेझरची वेळ गेली होती. डिसेंबरात मोठं ऑपरेशन झालं, जानेवारीत दुसरं, आणि दोन्ही वर्षांचे सहा-सहा हजार गेले. ते गेल्याचं मला काही नाही. तेच वाचवायला मी तिला घरी परत पाठवलं होतं, याचं आहे.

नेल्विना, तिनं काही टाळलं नाही. तिनं मला विचारलं आणि मी नाही म्हणालो. हे तिनं तुला सांगितलं नाही, माझी अब्रू राहावी म्हणून. आणि मी तिच्याच कानांवर तुझ्या तोंडून यंत्राची घरघर घातली.

मागच्या पत्रात लिहायचं राहिलं होतं ते आता लिहितो. सात वर्षं खातं का उघडू दिलं नाही. तुझ्या नावावर पैसे असते तर तू मला विचारलं नसतंस, आर्डिथ. आणि तू विचारावंस हे मला आवडायचं. चष्मा बदलू का, दाढ भरून घेऊ का. तू दारात उभी राहून विचारायचीस आणि मी पेपर खाली करून जरा विचार केल्यासारखं करायचो. बहुतेक वेळा हो म्हणायचो. स्वतःला मी दिलदार समजायचो. हे लिहिताना माझे कान गरम झालेत आणि घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

वेंडेल


२९ मार्च

प्रिय आर्डिथ,

नेल्विनाचा फोन आला नाही. मी वाट बघत होतो, चार शिव्या तरी घालेल म्हणून. त्यापेक्षा हे जड जातंय, पण तक्रार नाही.

सोबत चेक आहे. माफी मागण्यासाठी नाही, तेवढा मूर्ख मी आता उरलो नाही. आधी काय ते वाच.

यंदा कुटुंबाची मर्यादा आहे आठ हजारांच्या वर. जानेवारीपासून माझ्या पगारातून कापून माझ्या खात्यात जे गेलं तेवढं वजा केलंय. बाकीचे सगळे तुझ्या खात्यात टाकता येतात, वाटणी आपल्या मर्जीची असते. वर तुझे हक्काचे एक हजार. आणि गेल्या वर्षाचे तुझे एक हजारही पंधरा एप्रिलच्या आत भरता येतात, फक्त भरताना 'गेल्या वर्षासाठी' असं सांगावं लागतं. त्याच्या आधीचे सहा गेले. ते आता कोणत्याही नियमानं परत येत नाहीत.

मी बँकेत जाऊन म्हटलं, बायकोच्या नावावर खातं उघडायचंय. बाई म्हणाली, "त्यांना घेऊन या." मी म्हटलं, त्या मिशिगनला आहेत, मी भरतो ना कागद. ती म्हणाली, "मिस्टर रूलोफ्स, खातं त्यांचं आहे. त्यांनीच उघडायला हवं, कुठूनही उघडू देत. तुम्हाला नाही उघडता येत." मी परत विचारलं, तिनं परत तेच सांगितलं. बाहेर गाडीत बराच वेळ बसून राहिलो. इतकी वर्षं मी ते अडवू शकत होतो आणि आता उघडू शकत नाही.

मग ऑफिसात पगार बघणाऱ्या लाव्होनकडे गेलो, पगारातून माझं कापणं बंद कर म्हणून सांगायला. तिनं चष्मा कपाळावर चढवला. "वेंडेल, तब्येत बरी आहे ना? पगारातून टाकलं की इन्कम टॅक्स आणि सरकारी पेन्शनचा टॅक्स दोन्ही वाचतात, हे बावीस वर्षं तूच माझ्या कानीकपाळी ओरडतोयस."

"पगारातलं माझ्याच खात्यात जातं. मला आर्डिथच्या टाकायचंय."

"त्यात तुझे थोडे जास्त जातील."

"जाऊ देत."

लाव्होननं कागद पुढे सरकवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली.

नियमात आणखी एक गोष्ट आहे, तुला ती कळलेली बरी. खातं उघडायच्या आधी झालेल्या उपचाराचं बिल त्यातून भागवता येत नाही. म्हणजे डाव्या डोळ्यासाठी हे पैसे नाहीतच. उजव्यासाठी आहेत.

चेक तुझ्या नावावर आहे. खातं उघडलंस तर त्यात टाक. नाहीतर पियानो घे, नाहीतर फाडून टाक. कशासाठी वापरलास ते मला सांगायची गरज नाही.

वेंडेल


४ मे

प्रिय आर्डिथ,

चेक वटला. बँकेच्या कागदावर दिसला आणि मी हुरळलो. वरची खोली झाडली, तुझ्या खुर्चीचा पाय हलायचा तो पक्का केला. मग मोठ्या रुबाबात मिशिगनला फोन लावला. नेल्विनानंच उचलला.

"तिनं चेक घेतला," मी म्हणालो.

"घेतला. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन खातं उघडून आली. सही करताना नाक कागदाला लावलं होतं, पण केली स्वतः."

"म्हणजे मग ती आता..."

"वेंडेल," नेल्विना म्हणाली, आणि यावेळी तिच्या आवाजात नेहमीचा चिमटा नव्हता, "तिनं खातं उघडलंय. तुला माफ केलंय असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. ते तुझं कबुलीचं पत्र मी तिला वाचून दाखवलं ना, शेवटपर्यंत, तेव्हा ती म्हणाली, हे मला आधीपासून माहीत होतं. त्याला माहीत आहे की नाही तेवढंच कळत नव्हतं."

मग म्हणाली, "आणि मी तुला मधे फोन केला नाही, कारण माझ्या तोंडून काय निघालं असतं याची मलाच खात्री नव्हती. आम्ही पण त्या दिवशी भांडलो. मी म्हटलं, माझ्याशी खोटं का बोललीस? ती म्हणाली, मला लाज वाटत होती, नेल. तो तसा आहे याची नाही. मी ऐकलं याची."

आर्डिथ, लाज तू वाटून घ्यायची नाहीस. ती सगळी माझी आहे. ती मी कुणाबरोबर वाटून घेणार नाही.

खोली झाडली ती झाडलीच. तू ये असं मी म्हणत नाही.

वेंडेल


१४ जून

प्रिय आर्डिथ,

काल दुपारी ऑफिसात होतो. सोयाबीन वर आलंय, खतांचे ट्रक येऊन गेलेत, आता कोठारावर शांतता असते. फोन वाजला तो नेल्विनाचा. भर दुपारी तिचा फोन म्हटल्यावर मी हातातला कागद बाजूला टाकला. मी म्हणालो, "उजवा?"

"उजवाच," ती म्हणाली. "मंगळवारी सकाळी. नाश्त्याला बसलो होतो. हिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, नेल, कडेला चमकतंय. गाडीच्या किल्ल्या घे. मी म्हटलं, डॉक्टरला फोन तरी करू दे. म्हणाली, गाडीतून कर."

"मग?"

"मग काय, चीर होतीच. छोटी. तिथल्या तिथं लेझर केलं. काउंटरवर पैसे मागितले, हिनं पर्स उघडली, कार्ड काढलं, दिलं. आज परत तपासायला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, घट्ट बसलाय पडदा. शाबूत आहे डोळा, वेंडेल. अगदी शाबूत."

मी खुर्चीत बसलो. मग जे मनात आलं ते तसंच तोंडातून निघालं. "मंगळवारी झालं. आज शुक्रवार. मला कुणी..."

"मी विचारलं तिला," नेल्विना म्हणाली. "गाडीतच विचारलं, वेंडेलला कळवू का? ती म्हणाली, आधी नको. सगळं झाल्यावर सांग."

नेल्विना म्हणाली, "ऐकतोयस ना?"

म्हटलं, "ऐकतोय. इकडे काही आवाज नाही."

फोन ठेवला आणि रडलो. वडील गेले तेव्हासुद्धा मी लोकांत रडलो नव्हतो. लाव्होन दारात येऊन उभी राहिली. "वाईट बातमी आहे का?"

म्हटलं, "नाही. चांगली आहे. मला न विचारता झाली."

काल संध्याकाळपासून मी एकाच गोष्टीचा विचार करतोय. डोळ्यात चमकलं तेव्हा तुला डोळ्याची भीती वाटली असेल, आणि माझ्या आवाजाचीही. या खेपेला मी "जा" म्हणालो असतो. शपथेवर सांगतो, तू कार्डाचा नंबर विचारायच्या आत म्हणालो असतो. पण हे तुला कसं माहीत असणार, आणि ते अजमावून बघायला तू उजवा डोळा का पणाला लावावास. तू बरोबर केलंस. मला त्याची शरम वाटते आणि आनंदही वाटतो, आणि दोन्ही इतके एकमेकांत मिसळलेत की वेगळे काढता येत नाहीत.

विमा माझ्या नोकरीवर आहे. तो तिकडच्या डॉक्टरांनाही चालतो, हे मी विचारून घेतलंय. तू पासष्टची होईपर्यंत मी नोकरी सोडत नाही. तू इथे असलीस तरी, तिथे असलीस तरी. दर जानेवारीला तुझ्या खात्यात पैसे येतील, तुझ्या हजारासकट. त्यासाठी पत्र लिहायची गरज नाही, आणि आभार मानायची तर मुळीच नाही.

नेल्विना म्हणाली, सहा महिन्यांनी परत तपासणी आहे. कोणत्या तारखेला ते तिनं सांगायला तोंड उघडलं आणि मी तिला थांबवलं. तू जाऊन ये.

वेंडेल